तिसरं कडवं

बातमी आली तेव्हा साईनाथ गायकर शहाडला एका नव्या इमारतीच्या पायाशी उभा राहून खडीचा डंपर रिकामा करून घेत होता. धुरळा खाली बसायच्या आत खिशातला फोन थरथरायला लागला, तो थांबेचना. ठाणे खाडी एफसीने नवा जनरल मॅनेजर नेमला होता. बाई होती. संचिता केणे. वय छत्तीस, शिक्षण व्यवस्थापनाचं, अनुभव खासगी इस्पितळांच्या एका साखळीतला. क्लबने टाकलेल्या फोटोत ती गुलाबी जर्सी दोन्ही हातांनी समोर धरून उभी होती, दुकानात साडी दाखवतात तशी.

क्लब दुसऱ्या दर्जाच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळणारा. छातीवर रोहित पक्षी, म्हणजे खाडीतला फ्लेमिंगो, आणि गेल्या हंगामात शेवटून दुसरा. त्याच्या पाठीराख्यांचा गट ‘उधाण’ नावाने ओळखला जायचा आणि स्टेडियममध्ये पूर्वेच्या गॅलरीत बसायचा. बसायचा म्हणजे नव्वद मिनिटं उभा असायचा. उधाणच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या दुपारी सगळे एकदम बोलत होते.

“बेड मोजणारी बाई आता स्ट्रायकर मोजणार,” विकीने लिहिलं. विकी रिक्षा चालवायचा आणि सिग्नलला थांबला की लिहायचा.

“आपला डिफेन्स तसाही आयसीयूत आहे. बरोबर माणूस आणलाय.”

“राजरत्न सरांना साधं विचारलं पण नाही यार.”

राजरत्न म्हणजे क्लबचा जुना गोलकीपर. हे पद त्याला मिळणार हे गॅलरीने आपसांत ठरवून टाकलं होतं. क्लबला कोणी कळवलं नव्हतं एवढंच.

मग मितेशचा मेसेज आला. मितेश राणे डोंबिवली पश्चिमेचा, आयटीत नोकरीला, उधाणचे व्हिडिओ तोच काढायचा आणि तोच पसरवायचा. “साईनाथदादा, कुठेयस? शनिवारी मॅडम पहिल्यांदा येतेय. गॅलरीकडून स्वागत नको?”

साईनाथने अंगठ्याने स्क्रीनवरची धूळ पुसली आणि लिहिलं, “करतो काहीतरी.”

त्यावर टाळ्यांचे हात, हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे, आगीचे लोळ. काहीतरी म्हणजे गाणं, हे कोणाला सांगावं लागलं नाही.

साईनाथ चव्वेचाळीस वर्षांचा, अंगाने जाड, गळ्यात सोन्याची चेन. आवाज मात्र बारीक आणि चढा. त्या देहातून तो निघेल असं वाटत नाही. कल्याण-शीळ रस्त्याला लागून असलेल्या गावात त्याच्या बापाची भातशेती होती. तिथे आता बावीस मजल्यांचे तीन टॉवर आहेत. त्यांत साईनाथचे चार फ्लॅट आहेत, पण तो गावातल्या जुन्या घरातच राहतो, आणि टॉवरमधली माणसं त्याला ‘रेतीवाला’ म्हणून ओळखतात. वॉचमन त्याला कधीकधी गेटवर अडवतो आणि वहीत सही करायला लावतो. साईनाथ सही करतो.

हळदीत मात्र त्याला कोणी अडवत नाही. पंचक्रोशीत कोणाकडे लग्न असलं की बेंजो पार्टी ठरायच्या आधी साईनाथची तारीख घेतात. मांडवात उभ्या उभ्या तो नवऱ्याच्या मामावर, नवरीच्या आत्यावर, जावयाच्या पोटावर कडवी जोडतो आणि ज्याच्यावर जोडलं तो सगळ्यात जास्त हसतो. ही कला आईकडून आलेली. आई, नंदाबाई, धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन विधी लावणारी बाई. तिचा एक नियम होता आणि साईनाथने तो लहानपणापासून ऐकला होता: चिडवायचं ते आपल्यातल्याला. परक्याची स्तुती करायची आणि त्याला वाटेला लावायचं. खोड काढली म्हणजे माणूस घरात घेतला. आणि ज्याचं नाव गाण्यात आलं त्याने गाणाऱ्याला नारळ द्यायचा.

फुटबॉल साईनाथला कधी नीट खेळता आला नाही. भात कापल्यावर मोकळ्या शेतात पोरं खेळायची तेव्हा हा गोलच्या मागे उभा राहून ओरडायचा. सहा वर्षांपूर्वी क्लब सुरू झाला तेव्हा तो ढोल-ताशे घेऊन गॅलरीत गेला, आणि पहिल्याच हंगामात डोंबिवलीचे राणे, कल्याणचे सोनार, ठाण्याचे कॉलेजातले मुलगे हळदीच्या चालीवर गोलकीपरची खोड काढू लागले. पेपरात फोटो आला. दुसऱ्या राज्यांतून आलेले पाठीराखे ते व्हिडिओत पकडून न्यायचे. गॅलरीच्या तळाशी एक लोखंडी चौथरा होता. त्यावर मैदानाकडे पाठ करून साईनाथ उभा राहायचा. शंभरातल्या नव्वद मॅच त्याने पाहिल्याच नव्हत्या. त्याने माणसं पाहिली होती.

गाणं त्याने शुक्रवारी सकाळी दाढी करताना बांधलं. माल मितेशने पुरवला होता. क्लबच्या वेबसाइटवर संचिता केणेची मुलाखत होती. तीत तिने सांगितलं होतं की तिचे वडील, परशुराम केणे, आंबिवलीहून सायकलवर कल्याणला दूध घालायचे. शिवाय मितेशच्या ओळखीचं कोणीतरी तिच्या इस्पितळात कामाला होतं. त्याच्याकडून कळलं की तिचं लग्न मोडलं आहे. “फक्त तुला सांगतोय,” असं मितेशने लिहिलं होतं, आणि पुढे डोळा मारणारा चेहरा टाकला होता.

शनिवारी मॅचच्या आधी क्लबचे मालक, केरळचा प्रशिक्षक आणि संचिता केणे असे तिघे मैदान ओलांडून पूर्वेच्या गॅलरीसमोर आले. तिने फिकट कुर्ता घातला होता, वर गुलाबी मफलर. तिने कठड्याशी येऊन हात जोडले. साईनाथने ढोलाला खूण केली.

“आंबिवलीचा परशुराम गो, सायकलीवरी निंगाला,
दुधान पानी, पान्यान दूध, कल्यान सारा फसवला!”

गॅलरीने ओळ उचलली. शुक्रवारी रात्रीच सगळ्यांना ती पाठ झाली होती.

“पोर त्याची शिकली भारी, दवाखान्यान खाटा मोजी,
आमचे अकरा आजारी गो, सलाईन लावील ताजी!”

मालक दिल्लीचे. त्यांना वाटलं, हे इथलं स्वागत. ते टाळ्या वाजवू लागले. प्रशिक्षक खांदे हलवून नाचला. कठड्याच्या त्या बाजूला उभ्या असलेल्यांपैकी शब्द कळणारी एकटीच होती. दुसऱ्या कडव्यापर्यंत तिच्या तोंडावर हसू होतं, आणि ते खोटं नव्हतं.

“नवऱ्याचा घर चालवला नाय, दोन वर्सान मोडला,
आता आमचा संघ चालवाला मालकान तिला धाडला!”

तिचे हात तसेच जोडलेले राहिले. खाली घ्यायचं ती विसरली असावी. मग तिने कोण गातंय ते शोधलं आणि चौथऱ्यावरच्या साईनाथकडे पाहिलं. पाहून मान किंचित हलवली, एखाद्या माणसाबद्दल ऐकून असावं आणि तो समोर यावा तशी. ती वळून गेली. मालक अजून टाळ्या वाजवत होते.

साईनाथला ते दिसलं होतं. नंतर त्याला हेच पुन्हा पुन्हा आठवत राहिलं, की दिसलं होतं, आणि तरी त्याने तिसरं कडवं आणखी तीन वेळा घेतलं. कारण तिथेच लोक सगळ्यात जास्त हसत होते.

घरी आला तेव्हा त्याची बायको जया स्वयंपाकघराच्या ओट्याशी मेथी निवडत होती, शेजारी फोनवर गॅलरीचा व्हिडिओ थांबवून ठेवलेला. तिने मान वर केली नाही.

“तिसरं कडवं कोणी बांधलं?”

“मीच. का?”

“नाही, म्हटलं मितेशने दिलं असेल.”

“अगं, गंमत असते गॅलरीत. हळदीत नाही का आपण…”

“हळदीत तुम्ही कोणाच्या मोडलेल्या लग्नावर गायलात आजपर्यंत?”

तो बूट काढत बसला. जयाने काड्या एका बाजूला केल्या. “आपली समृद्धी दहावीला आहे,” ती म्हणाली. “तिचं पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही. तुम्हाला आहे?”

त्याने बूट जोडीने भिंतीशी लावले.

गुरुवारी सकाळी फाटकाशी रिक्षा थांबली. पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा घातलेले एक वृद्ध गृहस्थ उतरले. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात कापडाने बांधलेला स्टीलचा डबा. अंगणाच्या ओट्यावर आई सूप घेऊन बसली होती.

“गायकरांचा साईनाथ ह्योच घरान रव्हतं क?”

“मीच. आपण?”

“मी परशुराम केणे. आंबिवलीचा. दुधान पानी घालनारा!” आणि ते स्वतःच खदखदून हसले.

साईनाथने पहिल्यांदा रस्त्याकडे पाहिलं, मागून आणखी कोणी येतंय का. पुतणे, गाडीभर माणसं. कोणी नव्हतं. रिक्षावाला आरशात केस विंचरत होता.

“माझे भावाचे नातवान मोबाईलवर दावला,” परशुराम केणे ओट्यावर टेकत म्हणाले. “येवरी मानसा, सगली माझा नाव घेतान! ती पन हलदीचे चालीवर. मी घरान बोललू, पोरीला घेतली र लोकांनी. मना तर कालजीच व्हती. पोर मोठे लोकांमधी गेली, खेलाचा तिला काय ठाव नाय, लोका कशी वागवतीन. तर तुमी पयल्याच दिशी खोर कारलीत!” त्यांनी नारळ पुढे केला. “घे. तुजा मान.”

साईनाथने नारळ घेतला. 

“पन येक सांगतू हा,” ते आईकडे वळून म्हणाले. “पानी घालायचू ते इहिरीचा. नलाचा कवा घातला नाय.”

आई इतकी हसली की सुपातले तांदूळ सांडले. “मंग बरूबर गायला माझे पोरान!”

“काका,” साईनाथ म्हणाला, “पूर्ण ऐकलंत का गाणं?”

“कुठं र! पयलाच कडवा व्हता, आनी बंद परला. त्याचे पुढं मावत नाय बोलतान मोबाईलान. म्हनून तर आलू. रविवारी सत्यनारायन हाय आमचेकरं, पोरीचे नोकरीचा. तू ये. पुरा गाना गा. आमचे आलीतल्या बायका कवाच्या मागं लागल्यान.”

आता बोलायला हवं होतं. गाव गाठायचंय, घसा बसलाय, डंपर अडकलाय, काहीही चाललं असतं. आई त्याच्याकडे पाहत होती, म्हातारा पाहत होता, आणि स्वयंपाकघराच्या दारात जया येऊन उभी राहिली होती. पण खरं कारण तेही नव्हतं. कोणीतरी गायला बोलावत होतं, मान देऊन, नारळ देऊन, आणि त्या क्षणीसुद्धा ते त्याला आवडलं.

“येतो,” तो म्हणाला.

डब्यात खरवस होता. गाय नुकतीच व्यायलेली, पहिल्या चिकाचा, वर वेलची-जायफळ. पाहुणे गेल्यावर जयाने सगळ्यांना वाटला, स्वतः घेतला नाही. साईनाथची वाटी त्याच्यापुढे ठेवली.

“तू नाही घेत?”

“तुमच्यासाठी आणलाय,” ती म्हणाली.

त्याने तो संपवला. खरवस चांगला झाला होता.

रविवारपर्यंत साईनाथने नवं तिसरं कडवं बांधलं. तसं सोपंच काम होतं. आईला बरोबर येऊन गाणं ऐकायचं होतं. तिला तो नको म्हणू शकला नाही. जया म्हणाली, मला काम आहे. काय काम ते त्याने विचारलं नाही.

केण्यांचं घर आंबिवली स्टेशनपासून आत, नदीकडे जाणाऱ्या वाटेवर. पुढे पडवी, मागे गोठा, मध्ये सत्यनारायणाचा चौरंग केळीच्या खांबांत. पूजा आटोपली होती. बायका पडवीभर बसल्या होत्या, आणि साईनाथ ढोलकी घेऊन शिरला तेव्हा त्यांच्यात चुळबूळ झाली, हळदीत होते तशी. संचिता केणे प्रसादाच्या द्रोणांचं ताट घेऊन आतून आली. साधी हिरवी साडी. तिने साईनाथला पाहिलं आणि ताट दोन्ही हातांनी नीट धरलं.

“या,” ती म्हणाली. “बसा.”

तिने त्याच्या आईला वाकून नमस्कार केला. आईने तिच्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली.

“ह्योच त्यो!” परशुराम केणेंनी सगळ्यांना सांगितलं. “गा र. सुरू कर.”

त्याने ढोलकीवर हात टाकला. पहिल्या कडव्याला पडवी हसली. “इहिरीचा पानी!” असं परशुराम मध्येच ओरडले तेव्हा जास्त हसली. दुसऱ्याला बायकांनी टाळ्यांचा ठेका धरला. मग त्याने नवं कडवं घेतलं.

“केन्यांचे घरची लेक गो शानी, खाडीन तारू घाली,
वादल येवो, वारा येवो, सुकान तिचे हाती!”

टाळ्या पडल्या, पण ठेका सुटला. साईनाथला ते लगेच कळलं. ढोलकी वाजवणाऱ्याला कळतंच. त्याने घाईने कडवं पुन्हा घेतलं, थोडं वर चढवून. आईने त्याच्याकडे पाहिलं.

परशुराम केणेंनी हात वर केला. “थांब र.” ते अजून हसतच होते. “ह्यो कडवा कंचा? ह्याच्यान तर खोर नाय.”

“तसंच आहे ते, काका.”

“नाय नाय. माझे कडव्यान खोर हाय, नोकरीचे कडव्यान खोर हाय, आनी पोरीचे कडव्यान नुसती आरती? अशी आरती तर आमदाराची करतान.” बायका हसल्या. “पावन्यासमोर लाजलास तू. आमी पावनं नाय. तिथं गायलास त्यो कडवा म्हन.”

साईनाथने ढोलकीच्या दोरीची गाठ चाचपली. पडवीत कोणीतरी म्हणालं, “म्हना ना हो दादूस!” त्याने संचिताकडे पाहिलं. ती चौरंगाशेजारी उभी होती. ती वाचवेल असं त्याला का वाटलं, हे त्याला नंतर कधीच उमगलं नाही. पण वाटलं होतं खरं.

“म्हणा,” ती म्हणाली. “मी ऐकलंय एकदा.”

त्याला ते गाता येईना. त्याने ढोलकीवरचे हात काढून मांडीवर ठेवले आणि दोन ओळींचा मजकूर सांगावा तसं कडवं सांगितलं. नवऱ्याचं घर, दोन वर्षं, मालकाने धाडलं. चालीशिवाय ते फार लवकर संपलं. चालीशिवाय त्यात गंमत म्हणावी असं काही उरलंही नाही.

 मागे गाईच्या गळ्यातली घंटा वाजत होती. पुढे बसलेल्या एका बाईने पदर ओढून घेतला आणि साईनाथकडून तोंड फिरवलं.

परशुराम केणेंचं हसू लगेच गेलं नाही. ते थोडा वेळ तोंडावर तसंच राहिलं, आणि ते पाहणं सगळ्यात वाईट होतं. मग ते मुलीला म्हणाले, “तुना ठाव व्हता?”

“हो.”

“मंग मना का नाय सांगितलास?”

“तुम्ही नारळ घेऊन निघाला होतात, बाबा,” संचिता म्हणाली. “टोपी धुतलेली घातली होती. मग नाही सांगितलं.”

म्हाताऱ्याने मान हलवली. साईनाथ उठला. “काका, मी तो नारळ…” असं काहीतरी म्हणाला.

“दिलेला नारल परत घेत नाय आमी,” परशुराम केणे म्हणाले. आवाज चढला नव्हता. ते उठून गोठ्याकडे गेले, आणि बायका द्रोण गोळा करू लागल्या.

संचिता फाटकापर्यंत आली. पाहुण्याला पोचवायची रीत म्हणून नव्हे. तिला काम होतं.

“बाबा शनिवारी मॅचला येणार आहेत,” ती म्हणाली. “त्यांना मी खुर्चीचा पास देऊन बसले होते. आता नको म्हटलं तर ऐकणार नाहीत.”

“मी थांबवतो ते कडवं.”

“क्लबने पत्रक काढलं तर गॅलरी दुप्पट जोरात म्हणेल. म्हणून मी काढणार नाही.”

“मी सांगतो सगळ्यांना. माझं ऐकतात.”

“बघा,” ती म्हणाली, आणि आत गेली.

गाडी गांधारी नाक्याशी आली तेव्हा आई पाय आखडून बसली होती. मग म्हणाली, “ती ढोलकी मागं ठेव. माझे पायाला लागते.” त्याने गाडी कडेला घेऊन ढोलकी डिकीत ठेवली. घरी आल्यावर ती त्याच्या हातचं पाणी न घेता आत गेली.

त्याने ग्रुपवर लिहिलं: “तिसरं कडवं बंद. चूक झाली. कोणी म्हणू नये.”

आधी सगळ्यांना वाटलं, तो चेष्टा करतोय. मग विकीने लिहिलं, “दादूस मॅनेजमेंटमध्ये गेला.” दुसऱ्या कोणी विचारलं, “मॅडमने पोस्ट दिली काय? वॉर्डबॉय?” तिसऱ्याने सलाईनच्या बाटलीचं चित्र टाकलं. साईनाथने पुन्हा लिहिलं, मग तिसऱ्यांदा. मितेशचा फोन आला.

“दादा, काय चाललंय तुझं?”

“तिचा बाप आलेला घरी. म्हातारा माणूस आहे रे.”

“अरे मग पहिलं कडवं काढून टाकूया. त्यात त्यांचं नाव आहे.”

“पहिल्याचं काही नाही. तिसरं काढायचंय.”

“तिसरंच तर चालतंय, दादा. लोक रील बनवतायत त्यावर. पोरीपण बनवतायत. आणि तिला हटवायचंय ना आपल्याला? का नाही?”

साईनाथने याचा विचारच केला नव्हता. तिला हटवायचं होतं की नव्हतं, ती कामाला बरी की वाईट, हे त्याला माहीत नव्हतं आणि त्या शुक्रवारी दाढी करतानाही माहीत नव्हतं.

“मी बांधलंय ते,” तो म्हणाला. “मी सांगतोय, म्हणू नका.”

“बांधलंस तू,” मितेश समजुतीने म्हणाला. “पण आता गातात सगळे.”

शनिवारी तो सगळ्यांच्या आधी चौथऱ्यावर जाऊन उभा राहिला. जुनी गाणी घेतली. गोलकीपरचं, रेफ्रीच्या शिट्टीचं, नव्या लेफ्ट विंगरच्या केसांचं. गॅलरी गात होती. एकदोघांनी “वॉर्डबॉय” अशी आरोळी दिली, तेवढं चालायचंच. त्याने पहिल्यांदाच मान वळवून बाजूच्या खुर्च्यांकडे पाहिलं. पांढरी टोपी तिथे होती.

मध्यंतरानंतर खाडीवर गोल झाला. आणि मागच्या रांगांतून, ढोल नसताना, थेट तिसरं कडवं उठलं. नवऱ्याचा घर चालवला नाय. ते खाली उतरत आलं. साईनाथने दोन्ही हात वर केले आणि तळवे पुढे धरून हलवले, थांबा, थांबा. सहा वर्षं त्या चौथऱ्यावर त्याने हात वर केले की आवाज वाढवायचा असायचा. गॅलरीने आवाज वाढवला. ढोलवाल्यानेही हात पाहिले आणि ठेका धरला. पुढच्या रांगेतला विकी त्याच्याकडे बघून अंगठा दाखवत होता. दादूस वठणीवर आला असं त्याला वाटलं.

साईनाथने हात खाली घेतले. चौथऱ्यावरून उतरून तो पायऱ्या चढून खुर्च्यांच्या भागात गेला. गुलाबी जर्सी पाहून लोकांनी वाट दिली.

“काका,” तो वाकून म्हणाला, “चला, बाहेर चहा घेऊ.”

“मॅच सोरून?” परशुराम केणेंनी त्याच्याकडे पाहिलं. “बस.”

शेजारची खुर्ची रिकामी होती. तो बसला. या बाजूने मैदान सगळं दिसत होतं. खाली राखीव खेळाडूंच्या बाकामागे संचिता उभी होती, हाताची घडी घालून, एका खेळाडूच्या घोट्याला बर्फ लावणाऱ्या फिजिओशी बोलत. तिने गॅलरीकडे पाठ केली नव्हती आणि तोंडही केलं नव्हतं.

“तू तर हितं आलास,” म्हातारा म्हणाला. “मंग आता गातंय कोन?”

साईनाथला सांगता आलं असतं. विकी, मितेश, मागच्या रांगेतले कॉलेजातले. नावं होती.

“मीच, काका.”

 खाली आपल्या संघाला कॉर्नर मिळाला होता, आणि त्या आनंदात गॅलरीने गाणं पहिल्यापासून धरलं. पहिल्याच ओळीत नाव आलं, तीनशे गळ्यांतून, स्पष्ट. दोघांनीही समोर चेंडूकडे पाहिलं.